जहाजी वस्तू आणि निशाणं जमवताना: चेन्नईतल्या संग्राहकासाठी

जुन्या जहाजी वस्तू किंवा निशाणं जमवायचं मनात असेल, तर पहिला रुपया खर्च करण्याआधी फोर्ट सेंट जॉर्जच्या संग्रहालयात जाऊन या. शुक्रवारी ते बंद असतं. सचिवालय किल्ल्यातच असल्यामुळे ओळखपत्र जवळ ठेवा. १५ ऑगस्ट १९४७ च्या पहाटे याच किल्ल्यावर फडकलेला तिरंगा तिथे ठेवलेला आहे. अस्सल रेशमी, १२ फूट लांब आणि ८ फूट रुंद. कित्येक वर्षं तो साठवणीत होता, २६ जानेवारी २०१३ पासून सर्वांना पाहायला मिळतो. बहुतेक लोक मनोमन नमस्कार करून पुढे सरकतात. तुम्ही नमस्कार करा आणि थांबा. पट्टे एकमेकांना कुठे जोडलेत, कडेची शिलाई कशी आहे, घडीच्या रेषेवर रेशीम कसं दिसतं, रंग सगळीकडे सारखा आहे का, हे सावकाश न्याहाळा. ज्याच्या खरेपणाबद्दल शंकाच नाही असं एक निशाण डोळ्यांत भरून घेतलं, की दुकानातलं खोटं निशाण पुष्कळदा आपोआप खटकतं.

संग्रहालयाची इमारतही बघण्यासारखी आहे. ती १७९५ सालची. मद्रासचं पहिलं दीपगृह १७९६ मध्ये याच इमारतीच्या छतावर सुरू झालं, खोबरेल तेलाच्या दिव्यांवर. पुढे १८४४ मध्ये तो मान हायकोर्टाच्या आवारातल्या दगडी स्तंभाकडे गेला, १८९४ मध्ये हायकोर्टाच्या मनोऱ्याकडे आणि १९७७ पासून मरीनावरच्या आजच्या दीपगृहाकडे. हायकोर्टाच्या आवारातला स्तंभ अजून उभा आहे. या शहराला १८७० च्या दशकापर्यंत धड बंदरच नव्हतं. जहाजं दूर नांगर टाकत आणि माणसं-माल काथ्यानं शिवलेल्या मसुला होड्यांतून लाटा फोडत किनाऱ्याला लागत. त्यामुळे जुन्या मद्रासच्या चित्रांत आणि पोस्टकार्डांत समुद्र आणि होड्या वारंवार दिसतात. नव्या संग्राहकाला सुरुवातीला परवडेल असा माल म्हणजे हीच पोस्टकार्डं.

आता अमेरिकेकडे वळतो, कारण ज्यांना या छंदाची ओढ लागते त्यांतल्या बऱ्याच जणांच्या मनात अमेरिकेच्या सुरुवातीच्या काळातली निशाणं आणि जहाजी वस्तू असतात. मद्रासचा आणि अमेरिकेचा संबंध दूरचा नाही. १६८७ ते १६९२ या काळात मद्रासचा गव्हर्नर असलेला एलिहू येल १६४९ साली बोस्टनमध्ये जन्मला होता, आणि येल विद्यापीठाला त्याचंच नाव आहे. अमेरिका स्वतंत्र झाल्यावर वर्ष-दीड वर्षातच, डिसेंबर १७८४ मध्ये, फिलाडेल्फियाचं ‘युनायटेड स्टेट्स’ नावाचं जहाज पुदुच्चेरीला लागलं. १७९४ च्या ब्रिटन-अमेरिकेतल्या ‘जे’ करारानं अमेरिकी जहाजांना हिंदुस्थानातल्या ब्रिटिश बंदरांत व्यापाराची मुभा मिळाली आणि बोस्टन, सेलमची जहाजं या किनाऱ्यावर नेमानं येऊ लागली. सेलमच्या कप्तानांनी १७९९ साली ईस्ट इंडिया मरीन सोसायटी स्थापन केली. केप ऑफ गुड होप किंवा केप हॉर्नला वळसा घालून आलेल्यालाच तिचं सभासदत्व मिळे, आणि परदेशातून अपूर्वाईच्या वस्तू आणणं हे सभासदांचं कर्तव्यच होतं. त्या संग्रहातूनच आजचं पीबडी एसेक्स म्युझियम वाढलं. म्हणजे आपल्याकडच्या वस्तू तिकडे जपल्या गेल्या. तिकडच्या वस्तू इकडे कितपत उरल्या, हा संग्राहकापुढचा खरा प्रश्न.

माझं मत स्पष्ट आहे: चेन्नईत बसून अस्सल जुन्या अमेरिकी निशाणाच्या मागे लागू नका. कुणी ते घेऊन दारात आलं, तर आधी संशय घ्या. कापडाला इथल्या दमट हवेत दोनशे वर्षं टिकणं फार कठीण, आणि अमेरिकी खलाशानं आपल्या जहाजाचं निशाण मद्रासला टाकून जाण्याचं काही कारणही नव्हतं. अमेरिकेतून आलेलं इथे जे खरंच सापडू शकतं ते बहुतेक कागदी असतं, आणि त्यात सगळ्यात रंजक धागा बर्फाचा आहे. बोस्टनचा फ्रेडरिक ट्यूडर मॅसॅच्युसेट्सच्या तळ्यांमधला बर्फ कापून, लाकडाच्या भुशात भरून जहाजानं विकायला पाठवायचा. १८३३ साली त्याचं ‘टस्कनी’ जहाज कलकत्त्याला पोचलं. १८४२ च्या सुमारास मद्रासच्या किनाऱ्यावर त्याचं बर्फघर उभं राहिलं. मरीनासमोरची ती गोल इमारत आपण आज विवेकानंदर इल्लम म्हणून ओळखतो. १८९७ मध्ये विवेकानंद तिथे राहिले होते. मुंबईतही असंच बर्फघर होतं. या व्यापाराच्या काळातली वर्तमानपत्रातली जाहिरात, मालाची पावती, जहाजातून आलेलं पत्र, अशी एखादी चिठ्ठी हाती लागली तर ती चारचौघांत मिरवायच्या पितळी दुर्बिणीपेक्षा शंभरपट मोलाची समजा.

पत्रांचं तर वेगळंच शास्त्र आहे. जहाजानं आलेल्या पत्रांवर टपाल खात्याचे ‘शिप लेटर’चे शिक्के असत आणि त्यांच्या आकारावरून, अक्षरांवरून काळ ओळखणारी माणसं टपाल-तिकिटांच्या मंडळींत भेटतात. चेन्नईतल्या साउथ इंडिया फिलाटेलिस्ट्स असोसिएशनच्या सभांना आणि नाणी-तिकिटांच्या प्रदर्शनांना जात राहा. ही मंडळी बोलकी असतात आणि आपला शिक्का ओळखता आला याचाच त्यांना आनंद असतो. पुस्तकांत नॅथॅनियल बाउडिचचा ‘न्यू अमेरिकन प्रॅक्टिकल नॅव्हिगेटर’ शोधा. सेलमच्या या गणितज्ञानं स्वतः पूर्वेकडच्या सफरी केल्या होत्या. पहिली आवृत्ती १८०२ ची, ती आपल्या आवाक्यात येणार नाही. पण हा ग्रंथ आजतागायत छापला जातो आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या आवृत्त्या सामान्य माणसालाही घेता येतात. मुखपृष्ठाच्या आतलं पान शाबूत आहे ना आणि त्यावर साल आहे ना, एवढं पाहून घ्या.

तरीही एखादं अमेरिकी निशाण समोर आलंच, तर त्याचं वय तपासण्याची थोडी सोय त्याच्या ताऱ्यांतच असते. १४ जून १७७७ च्या ठरावानं १३ तारे आणि १३ पट्टे ठरले. १७९५ पासून दोन्ही १५ झाले. १८१८ च्या कायद्यानं पट्टे पुन्हा १३ वर आले आणि नवं राज्य सामील झालं की पुढच्या ४ जुलैला एक तारा वाढवायचा, असं ठरलं. ४८ तारे असतील तर निशाण १९१२ ते १९५९ मधलं, ४९ असतील तर १९५९-६० च्या एका वर्षातलं, ५० असतील तर ४ जुलै १९६० नंतरचं. मात्र १३ ताऱ्यांनी हुरळून जाऊ नका. अमेरिकी नौदलाच्या छोट्या होड्यांवर १९१६ पर्यंत १३ ताऱ्यांचं निशाण वापरलं जात होतं, कारण लहान कापडावर चाळीस-पंचेचाळीस तारे दुरून ओळखू येत नाहीत. खासगी यॉटच्या १८४८ सालच्या निशाणात नांगराभोवती १३ ताऱ्यांचं कडं आहे. १८७६ मध्ये स्वातंत्र्याची शताब्दी झाली, तेव्हाही जुन्या नमुन्याची निशाणं भरपूर शिवली गेली. विक्रेता ‘तेरा तारे, म्हणजे १७७७’ असं ठासून सांगत असेल, तर त्याला माहीत नसावं किंवा तुम्हाला माहीत नाही असं तो धरून चालला असावा. दोन्ही बाबतींत घाई नको.

तारे मोजून झाल्यावर कापड हातात घ्या. जुनी समुद्री निशाणं बहुतेक करून विरळ विणीच्या लोकरी कापडाची असत, त्याला बंटिंग म्हणतात. लोकर वाऱ्यावर हलकी फडकते आणि लवकर वाळते, म्हणून ती पसंत केली जाई. तारे बहुधा सुती, आणि दोरी ओवायची जाड पट्टी तागाची किंवा जाड सुती कापडाची. शिलाई यंत्राची असेल तर निशाण १८५० च्या दशकाआधीचं असू शकत नाही. ताऱ्यांभोवती नागमोडी यंत्रशिलाई दिसली तर साधारण १८९० नंतरचं समजा. एखादा सुटा धागा विक्रेत्याच्या परवानगीनं जाळून पाहता आला तर उत्तम: लोकर केस जळल्यासारखी वास मारते, सूत कागदासारखं जळतं, पॉलिस्टर वितळून त्याची काळी गोळी होते. नोटा तपासायची छोटी निळी टॉर्च जवळ बाळगा. अंधारात ती मारल्यावर कापड किंवा धागा पांढरानिळा चमकला, तर त्यात दुसऱ्या महायुद्धानंतरची रासायनिक सफेदी आहे, मग वरचे तारे कितीही असोत. शेवटी झीज बघा. वापरलेलं निशाण वाऱ्याकडच्या मोकळ्या कडेला फाटतं, काठीकडची बाजू त्या मानानं शाबूत राहते. चहाच्या पाण्यात बुडवून जुनं केलेलं कापड सगळीकडे सारखंच पिवळट दिसतं.

चित्रं आणि छापील नकाशे घेणाऱ्यांना इथे आणखी एका ठिकाणी हमखास ठेच लागते. ईस्ट इंडिया कंपनीच्या निशाणालाही लाल-पांढरे आडवे पट्टे होते आणि कोपऱ्यात ब्रिटिश चिन्ह. डिसेंबर १७७५ मध्ये अमेरिकी बंडखोरांनी पहिल्यांदा फडकावलेलं निशाण जवळजवळ तसंच दिसत होतं: १३ पट्टे आणि कोपऱ्यात ब्रिटिश युनियन. त्यामुळे मद्रासच्या किनाऱ्याचं एखादं चित्र ‘अमेरिकी जहाज’ म्हणून विकायला येतं आणि त्यावरचं जहाज प्रत्यक्षात कंपनीचं असतं. कोपरा नीट पाहा. नुसता सेंट जॉर्जचा लाल क्रूस असेल तर काळ १७०७ च्या आधीचा. इंग्लंड-स्कॉटलंडची युनियन असेल तर १७०७ ते १८००. त्यात तिरका लाल क्रूस मिसळला असेल तर १८०१ नंतरचा. कंपनीच्या निशाणाचे पट्टे मात्र नेहमी १३ च असत असं नाही, तेव्हा पट्टे मोजून निर्णय करू नका.

ज्यांना निशाणांचाच छंद जोपासायचा आहे त्यांनी संकेत-निशाणांपासून सुरुवात करावी. २६ अक्षरांची, १० अंकांची, ३ बदली आणि एक उत्तराचं, असा ४० निशाणांचा पूर्ण संच जहाजावर असतो. भावनगरजवळच्या अलंगला जहाजं फोडली जातात आणि तिथल्या जहाजी सामानाच्या दुकानांतून असे संच बाहेर पडतात. त्यांतले बरेचसे अलीकडचे, पॉलिस्टरचे असतात. पण १९६० च्या आधीच्या लोकरी संचातली सुटी निशाणं मधूनच येतात, आणि दोन्ही शेजारी ठेवून पाहिली की कापड ओळखण्याचा हात बसतो.

आता पितळ. सेक्स्टंट (क्षितिजापासून सूर्य-ताऱ्यांचा कोन मोजायचं उपकरण), होकायंत्र, दुर्बीण, जहाजाची घंटा, यांचा बाजार फार मोठा आहे आणि त्यातला बहुतांश माल नवा आहे. शोभेच्या वस्तू म्हणून तो रुडकीत, मुरादाबादेत बनतो, काही हजारांत मिळतो आणि शोभेसाठी घ्यायला हरकतही नाही. अडचण होते ती त्यावर जुनं नाव आणि साल कोरून तो पुरातन म्हणून विकला जातो तेव्हा. ‘केल्विन अँड ह्यूजेस, लंडन, १९१७’ असं कोरलेले सेक्स्टंट मुंबईच्या मटन स्ट्रीटपासून चेन्नईच्या दुकानांपर्यंत सगळीकडे दिसतात. ती कंपनी या नावानं दोन जुन्या कंपन्या एकत्र येऊन १९४७ मध्ये बनली. म्हणजे हे साल त्या नावाशी जुळणंच शक्य नाही. स्क्रू पाहा: अधिक चिन्हाच्या खाचेचे स्क्रू १९३० च्या दशकाआधी नव्हते. अस्सल उपकरणाच्या पेटीच्या झाकणाला बऱ्याचदा आतून क्यू वेधशाळेचं किंवा ब्रिटनच्या नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीचं तपासणी-पत्र चिकटवलेलं असतं. त्यावर उपकरणाचा क्रमांक असतो आणि तो पितळेवरच्या क्रमांकाशी जुळायला हवा. मद्रासच्या वस्तूंवर माउंट रोडवरच्या पी. ऑर अँड सन्सचं नाव दिसलं तर चांगली खूण समजा, पण ते नाव विकणाऱ्याचंही असू शकतं, बनवणाऱ्याचं दुसरीकडे शोधावं लागतं.

सेक्स्टंटची खरी परीक्षा किनाऱ्यावर करा. बेसंतनगरच्या एलियट्स बीचवर सकाळी, सूर्य थोडा वर आल्यावर जा. मोकळं, सरळ क्षितिज समोर मिळतं. सेक्स्टंटचा काटा बरोबर शून्यावर आणा आणि दुर्बिणीतून क्षितिजाकडे पाहा, सूर्याकडे मुळीच नको. अर्ध्या आरशातली आणि अर्ध्या उघड्या काचेतली क्षितिजाची रेघ एकसंध दिसली पाहिजे. थोडी वर-खाली असेल तर तो दोष साध्या जुळवणीनं जातो. मग काटा हळूहळू पुढे सरकवा. अस्सल उपकरणात आरशातली रेघ गुळगुळीत, सारख्या वेगानं सरकते, धक्का लागत नाही. पट्टीवरच्या खुणा भिंगातून पाहिल्या तर केसाएवढ्या बारीक, एकसारख्या अंतरावर. शोभेच्या सेक्स्टंटमध्ये बहुधा आरसे समांतरच नसतात, आणि काटा सरकवला तरी क्षितिजाचा पत्ता लागत नाही. ही तपासणी करू न देणाऱ्याकडून महाग उपकरण घेऊ नये, असा माझा ठाम सल्ला आहे.

घंटा आणि पेट्यांवर जहाजाचं नाव असेल तर ते लॉइड्स रजिस्टरमध्ये शोधा. १७६४ पासूनची ही जहाजांची नोंदवही आता इंटरनेटवर चाळता येते, आणि अमेरिकी जहाजांच्या जुन्या याद्या मिस्टिक सीपोर्ट संग्रहालयानं खुल्या केल्या आहेत. नाव, टनभार, बांधणीचं साल जुळतं का बघा. ‘टायटॅनिक’ कोरलेल्या घंटेसाठी हा उद्योग करण्याचीही गरज नाही. एम्डेनच्या तुकड्यांबाबतही सावध राहा. २२ सप्टेंबर १९१४ च्या रात्री या जर्मन युद्धनौकेनं मद्रासवर गोळे टाकले आणि बर्मा ऑइल कंपनीच्या टाक्या पेटल्या. त्या रात्रीचे म्हणून लोखंडाचे तुकडे आजही पुढे केले जातात. किल्ल्याच्या संग्रहालयात एम्डेनच्या गोळ्याचा नमुना आहे, त्याच्याशी तुलना करा. तो तुकडा कुणाच्या घरी, कधीपासून होता, हे लेखी मिळालं नाही तर घेऊ नका.

काही वस्तू अस्सल असल्या तरी हात लावू नये अशा आहेत. अमेरिकी देवमासे-शिकाऱ्यांनी स्पर्म व्हेलच्या दातांवर कोरलेली जहाजांची चित्रं जगभर प्रसिद्ध आहेत. पण हा प्राणी आंतरराष्ट्रीय करारानं आणि आपल्या वन्यजीव कायद्यानं संरक्षित आहे. तसा दात विकत घेणं म्हणजे फौजदारी कटकट ओढवून घेणं. अठराव्या शतकातल्या ऑक्टंटची, म्हणजे सेक्स्टंटच्या पूर्वजाची, चौकट बहुधा काळ्या आबनुसी लाकडाची आणि अंशांची पट्टी बऱ्याचदा हस्तिदंताची असते. हस्तिदंताच्या खरेदी-विक्रीवर भारतात बंदी आहे, वस्तू कितीही जुनी असो. तिसरी गोष्ट जिवाची: विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातल्या जहाजी घड्याळांच्या आणि होकायंत्रांच्या अंधारात चमकणाऱ्या आकड्यांना रेडियमचा रंग असे. चमक गेली तरी किरणोत्सर्ग जात नाही. काच उघडू नका, आकडे खरवडू नका, आणि अशी वस्तू निजायच्या खोलीत तर नकोच.

कायद्याची मुख्य कलमं प्रत्येक संग्राहकाला पाठ असावीत. पुरावस्तू आणि बहुमोल कलाकृती कायदा १९७२ चा, अंमल ५ एप्रिल १९७६ पासून. ऐतिहासिक किंवा कलेच्या दृष्टीनं मोलाची वस्तू १०० वर्षांहून जुनी असेल, किंवा हस्तलिखित-दस्तऐवज ७५ वर्षांहून जुना असेल, तर ती पुरावस्तू. तिचा व्यापार करायला परवाना लागतो आणि खासगी माणसाला ती देशाबाहेर नेता येत नाही. शिल्पं, चित्रं, सचित्र हस्तलिखितं अशा ठरावीक प्रकारांची नोंदणी सक्तीची आहे. होकायंत्रासाठी तशी सक्ती नसली तरी निर्यातीची बंदी लागूच. म्हणून परदेशातून काही मागवलं तर सीमाशुल्काचं बिल ऑफ एंट्री जन्मभर सांभाळा. तुमच्या मुलानं उद्या ती वस्तू अमेरिकेला न्यायची ठरवलं तर ती मुळात बाहेरून आली होती हे तोच कागद सांगेल. समुद्रातून जाळ्यात आलेली भांडी, घंटा, तोफेचे गोळे किनाऱ्यावर परस्पर विकले जातात, ते घेऊ नका. बुडीत जहाजाच्या वस्तू सरकारला कळवाव्या लागतात, शिवाय अशा ठिकाणाहून एक वस्तू उचलली की तिथला इतिहास वाचण्याची संधी कायमची जाते. जुना तिरंगा मिळाला तर ध्वजसंहिता २००२ लक्षात ठेवा: त्यावर काही लिहू नये, सही-शिक्का उमटवू नये, आणि फाटका झेंडा फडकावू किंवा टांगू नये. सपाट, झाकून ठेवणं हेच योग्य.

शोधायचं कुठे? मद्रासचं मूर मार्केट १९८५ मध्ये जळालं आणि जुन्या वस्तूंचं एक घराणंच संपलं. त्याच्या वारसदार पुस्तकविक्रेत्यांकडे अजूनही जुने नकाशे, पंचांगं, जहाज कंपन्यांची वेळापत्रकं सापडतात. काराईकुडीला मात्र एकदा जाच. चेट्टियार कुटुंबांचा ब्रह्मदेश, सिलोन, मलायाशी व्यापार होता, आणि वाडे रिकामे होत गेले तसा जहाजातून आलेला संसार तिथल्या मुनीश्वरन कोविल रस्त्यावरच्या दुकानांत उतरला. प्रवासी ट्रंका, त्यांवरच्या जहाजांच्या चिठ्ठ्या, इनॅमलचे डबे, बोटीच्या तिकिटांचे मळलेले तुकडे. दुकानदार ट्रंक घासूनपुसून विकतो, तेव्हा त्यावरच्या चिठ्ठ्या तशाच राहू द्यायला आधीच सांगा.

आणि इथेच मला सगळ्यात कळकळीचं सांगायचं आहे. अमेरिकेच्या निशाणामागे धावताना आपल्या किनाऱ्याचं धन दुर्लक्षित राहतं. व्ही. ओ. चिदंबरम पिळ्ळै हे टिळकांचे अनुयायी. त्यांनी १९०६ मध्ये तुतिकोरिनला स्वदेशी स्टीम नॅव्हिगेशन कंपनी काढली आणि ‘गॅलिया’ व ‘लावो’ ही जहाजं आणली. १९०८ मध्ये इंग्रजांनी त्यांना तुरुंगात टाकलं. त्या कंपनीचा एखादा शेअर, पत्र, पावती म्हणजे मराठी आणि तमिळ माणसानं मिळून दिलेल्या लढ्याचा कागद. ५ एप्रिल १९१९ ला सिंधिया कंपनीचं ‘लॉयल्टी’ मुंबईहून लंडनला निघालं, तो दिवस आपण राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळतो. ते जहाज आधी ग्वाल्हेरच्या शिंद्यांकडे रुग्णवाहू जहाज होतं आणि त्याआधी कॅनेडियन पॅसिफिक कंपनीची ‘एम्प्रेस ऑफ इंडिया’. एका जहाजाच्या तीन आयुष्यांचे कागद जमवायला एक माणूस पुरणार नाही. तंजावर जिल्ह्यात मल्लिपट्टणमजवळ समुद्रकाठी सरफोजी राजांनी नेपोलियनवरच्या ब्रिटिश विजयाच्या स्मरणार्थ मनोरा बांधला, त्यावर मराठीतही लेख आहे. तिथले जुने फोटो आणि पोस्टकार्डं आज कुणी नीट जमवत नाही. तुम्ही जमवा.

वस्तू घरी आल्यावर लढाई चेन्नईच्या हवेशी आहे. पितळ चिंचेनं किंवा पितांबरीनं घासू नका. तांब्या लखलखीत झालेला बरा दिसतो, पण उपकरणावरचा जुना लाखेचा थर आणि बारीक कोरीव खुणा त्यात कायमच्या जातात. मऊ कोरड्या फडक्यानं धूळ काढायची, त्यापुढचं काम जाणकाराचं. एग्मोरच्या सरकारी संग्रहालयात १९३० पासून रासायनिक जतनाची प्रयोगशाळा आहे. एस. परमशिवन यांनी तिथे पाया घातला. संग्रहालयाच्या माणसांशी ओळख वाढवा, शिकायला मिळतं. निशाण घडी घालून कपाटात ठेवू नका, घडीच्या रेषेवरच कापड तुटतं. आम्लरहित कागदात घेऊन जाड नळकांड्यावर सैल गुंडाळा आणि वरून धुतलेली, खळ न लावलेली मलमल. डांबरगोळ्या कापडाला टेकवू नका. वेखंडाची पुरचुंडी शेजारी चालते. तमिळ घरांतही वसंबू म्हणून तेच वापरतात. ऑक्टोबर ते डिसेंबर पावसाच्या दिवसांत पेटी आठवड्याला उघडून पाहा, बुरशीचा वास सगळ्यात आधी नाकाला कळतो. भिंतीवर, खिडकीसमोर काहीही टांगू नका. आमच्या घरी समुद्रावरचा खारा वारा येतो, त्यामुळे संग्रह नेहमी आतल्या, कोरड्या खोलीत असतो.

प्रत्येक वस्तूची नोंद वहीत घ्या, मोबाइलमध्ये असली तरीही. कुणाकडून, कुठे, कधी, किती रुपयांना, विक्रेत्यानं काय सांगितलं आणि त्यातलं तुम्ही काय तपासलं, हे सगळं. सांगितलेलं आणि तपासलेलं वेगळ्या शाईनं लिहा. पावतीवर वस्तूचं वर्णन आणि विक्रेत्यानं सांगितलेलं साल लिहून मागा. अनेकजण तिथेच साल खाली आणतात. वस्तूवर क्रमांक शाईनं लिहू नका, सुती नाडीला चिठ्ठी बांधून लावा.

घरात पुढे कुणाला या गोष्टीत रस नसेल, तर संग्रह जिवंतपणीच कुठे जाणार ते ठरवा. संग्रहालयाला द्यायचा असेल तर आधी पत्र लिहून विचारा. त्यांना सगळं हवंच असतं असं नाही, आणि ‘हे नेहमी प्रदर्शनात ठेवा’ अशी अट घातली की ते बहुधा नकार देतात. अभ्यासकांना पाहायला मिळावं एवढीच अट पुरते. कागदपत्रांसाठी चेन्नईत तमिळनाडू पुराभिलेखागार आणि तरमणीचं रोजा मुथय्या ग्रंथालय आहे, मुंबईत मेरिटाइम हिस्टरी सोसायटी आहे. नोंदवही आणि पावत्या वस्तूंसोबतच द्या, आणि त्यांची एक छायाप्रत घरी ठेवा.